नकाशातली रेंज आणि पाऱ्यावरची रेंज

दूरसंचाराविषयीची आपली सार्वजनिक चर्चा बहुधा दोन आकड्यांभोवती फिरते. स्पेक्ट्रमचा लिलाव किती कोटींना गेला आणि मनोरे किती उभे राहिले. या दोन आकड्यांच्या मधोमध एक तिसरा हिशेब असतो. मनोऱ्यावरून निघालेली रेडिओलहर डोंगर, दऱ्या आणि जंगल ओलांडून माणसाच्या हातातील फोनपर्यंत पोहोचते, तेव्हा तिच्यात किती बळ उरते, याचा हा हिशेब. तो अभियंत्यांचा विषय समजून आपण बाजूला ठेवतो. रायपूरमध्ये राहून छत्तीसगडच्या कारभाराकडे पाहताना मात्र मला वारंवार जाणवते की, हा हिशेब ज्या नकाशावर मांडला जातो, तो नकाशा आता एक शासकीय दस्तऐवज झाला आहे. कोणते गाव ‘व्याप्त’ आणि कोणते ‘अव्याप्त’ हे तो ठरवतो, आणि सरकारी पैसा त्याच्या मागोमाग जातो.

हा पैसा थोडाथोडका नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आंध्र प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, महाराष्ट्र आणि ओडिशा या पाच राज्यांतील ४४ आकांक्षी जिल्ह्यांच्या ७,२८७ गावांसाठी ६,४६६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. एप्रिल २०२२ मध्ये नक्षलग्रस्त भागांतील २,३४३ मनोरे टू-जीवरून फोर-जीवर नेण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये २४,६८० वंचित गावांना फोर-जी देण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये छत्तीसगडच्या सीमेलगतच्या झारसुगुड्यातून पंतप्रधानांनी ९७,५०० हून अधिक फोर-जी मनोऱ्यांचे लोकार्पण केले. हे काम क्षुल्लक नाही. ज्या गावांत पहिल्यांदा फोन वाजला, तिथे ते किती मोलाचे आहे हे सांगण्याची गरज नाही. पण प्रत्येक योजनेच्या मुळाशी एक यादी असते, आणि ती यादी खरी आहे की नाही हे तपासण्याचा मार्ग ज्यांचे गाव त्या यादीत आहे किंवा नाही, त्यांना उपलब्ध नाही. माझा मुद्दा एवढाच आहे.

लहरीची वाट

आधी हिशेब समजून घेऊ. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाले की लहरीची शक्ती एक चतुर्थांश उरते. अभियंते ही घट डेसिबलमध्ये मोजतात. या मापात ३ डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी, १० डेसिबल म्हणजे एक दशांश आणि २० डेसिबल म्हणजे एक शतांश. वारंवारता वाढली की घटही वाढते. इतर सर्व गोष्टी समान धरल्या, तर ७०० मेगाहर्ट्झऐवजी ३,३०० मेगाहर्ट्झ वापरताना तेवढ्याच अंतरावर सुमारे साडेतेरा डेसिबल, म्हणजे जवळपास बावीस पट अधिक घट सोसावी लागते. शहरात वेगवान फाइव्ह-जी देणारा पट्टा रानात उपयोगी पडत नाही, तो यामुळेच.

भूरचनेचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. मनोरा आणि फोन यांच्यामध्ये सरळ दृष्टिरेषा असली, म्हणजे काम झाले असे नाही. लहरीला त्या रेषेच्या भोवतीही मोकळी जागा लागते. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीसाठी दहा किलोमीटरच्या मार्गावर मध्यभागी या जागेची त्रिज्या सुमारे ३३ मीटर भरते. डोंगराची कड दृष्टिरेषेला नुसती स्पर्श करत असेल, तरी ६ डेसिबल, म्हणजे तीन चतुर्थांश शक्ती जाते. कड त्याहून वर आली की लहर कडेवरून थोडी वाकून पलीकडे उतरते खरी, पण फारच क्षीण होऊन.

रायपूर शहर महानदीच्या खोऱ्यातील सपाट, भातशेतीच्या मैदानात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. इथे मनोऱ्याभोवती कंपासने वर्तुळ काढले, तरी नकाशा फारसा चुकणार नाही. दक्षिणेला धमतरी, कांकेर ओलांडून केशकालचा घाट चढला आणि बस्तरच्या पठारावर पोहोचले की वर्तुळ निरर्थक ठरते. घाटाच्या एका वळणावर फोन चालतो आणि पुढच्या वळणावर मुका होतो. हा अनुभव त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचा आहे. बैलाडिलाच्या डोंगररांगा, इंद्रावतीच्या उपनद्यांची खोरी, अबूझमाडच्या टेकड्या या सगळ्या प्रदेशात व्याप्ती वर्तुळाकार नसते. एखाद्या हाताच्या पंजासारखी ती काही दिशांना लांब पसरते आणि बोटांच्या मधली जागा रिकामी राहते. गावे मात्र त्या रिकाम्या जागांतच असतात, कारण पाणी दरीत असते.

त्यात जंगलाची भर. छत्तीसगडचा दोन पंचमांशांहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे. झाडीतून होणारी घट मोजण्यासाठी वाइसबर्गर यांचे एक सूत्र प्रचलित आहे. त्यानुसार शंभर मीटर दाट झाडीतून जाताना ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे १८ डेसिबल गमावते आणि २,३०० मेगाहर्ट्झची सुमारे २५ डेसिबल. म्हणजे पहिलीची शक्ती साठाव्या हिश्शावर येते, तर दुसरीची तीनशेव्या हिश्शाच्याही खाली. पाने ओली असली की घट आणखी वाढते. पानगळीच्या दिवसांत घेतलेली मोजणी श्रावणात लागू पडत नाही.

झाडांच्या शेंड्यांवरून चालणारा माणूस

हा सारा हिशेब संगणक करतो. त्याला भूभागाच्या उंचीची माहिती पुरवावी लागते, आणि व्याप्तीचा नकाशा या माहितीपेक्षा अधिक खरा असू शकत नाही. जगभर सर्वाधिक वापरली जाणारी उंचीची माहिती अमेरिकेच्या ‘एंडेव्हर’ यानाने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने गोळा केली. आपल्या ‘कार्टोसॅट-१’ उपग्रहाने २००५ नंतर टिपलेल्या जोडचित्रांवरूनही देशाच्या उंचीचे अंकीय प्रारूप तयार झाले. दोन्ही कामे मोठी आहेत. पण दोन्हींत एक मर्यादा आहे. वरून पाहणाऱ्या यंत्राला दाट जंगलात जमीन नीट दिसत नाही, झाडांचे छत दिसते. सालवनात हे छत जमिनीपासून वीस-पंचवीस मीटर उंच असू शकते.

आता संगणक काय करतो ते पाहा. फोन जमिनीपासून दीड मीटर उंचीवर आहे असे गृहीत धरून तो गणित मांडतो. त्याची ‘जमीन’ झाडांच्या शेंड्यावर असेल, तर त्याच्या हिशेबातला माणूस शेंड्यांवरून चालत असतो. तिथे रेंज उत्तम येते. प्रत्यक्षातला माणूस खाली, सावलीत उभा असतो. जंगलाची जाडी वेगळी नोंदवून ही चूक सुधारता येते. पण ती नोंदवली की नाही, हे नकाशा पाहणाऱ्याला कळत नाही.

गणिताची सूत्रेही कुठून तरी आलेली असतात. सर्वाधिक प्रसिद्ध सूत्रांपैकी एक १९६८ मध्ये ओकुमुरा यांनी टोकियो आणि परिसरात केलेल्या मोजमापांवर उभे आहे. हाता यांनी १९८० मध्ये त्याला सोपे रूप दिले. डोंगराळ भूभागासाठीचे लाँगली आणि राइस यांचे प्रारूपही १९६८ चेच, अमेरिकेतले. ही सूत्रे चुकीची नाहीत. पण ज्या भूमीवर ती वापरायची, तिथल्या मोजमापांवर ती घासून घ्यावी लागतात. तसे करूनही अंदाज आणि वास्तव यांत आठ-दहा डेसिबलचा फरक पडणे ही या शास्त्रातील नेहमीची गोष्ट आहे. व्याप्तीची कड सरासरी अंदाजावर आखली, तर त्या कडेवरच्या दर दोन जागांपैकी एका जागी रेंज नसणार, हे सूत्रातच अध्याहृत आहे. नकाशावर मात्र ती कड एका ठाम रेषेने काढलेली असते.

डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणाने २०३० पर्यंत देशाचे अचूक उंची-प्रारूप तयार करण्याचे ठरवले आहे. मैदानी भागात २५ सेंटिमीटर आणि डोंगराळ भागात एक ते तीन मीटर अचूकतेचे. हे झाले तर बराच प्रश्न सुटेल. पण ज्या अबूझमाडची साधी महसुली मोजणीही स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके झाली नाही, तिथे हे काम अखेरीस होणार की आधी, यावर पुष्कळ अवलंबून आहे. ज्याची जमीन मोजली गेली नाही, त्याच्याकडे जमिनीचा कागद नसतो. ज्याच्या डोंगराची उंची नीट मोजली गेली नाही, त्याच्या वाट्याला चुकीच्या जागी उभा राहिलेला मनोरा येतो.

गाव म्हणजे एक ठिपका नव्हे

सरकारी यादीत गाव ही एक नोंद असते, नकाशावर एक ठिपका. छत्तीसगडची लोकसंख्येची घनता २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला १८९ होती आणि बस्तरच्या अंतर्भागात ती याहून कितीतरी कमी आहे. तिथले एक महसुली गाव अनेक पाऱ्यांत विखुरलेले असते. एका पाऱ्यापासून दुसरा पारा कधी नाल्यापलीकडे, तर कधी टेकडीआड. शाळा किंवा पंचायत भवन जिथे आहे, त्या पाऱ्यात रेंज आली की गाव ‘व्याप्त’ होते आणि यादीतून गळते. गडचिरोलीतील टोले आणि मेळघाटातील ढाणे यांची स्थिती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. भामरागडच्या पूर्वेची राज्यसीमा लहरींना दिसत नाही, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंचा प्रश्न एकच आहे.

आपल्या वस्त्यांचे हे स्वरूप भारतीय अभियंत्यांनी जागतिक मंचावर ठामपणे मांडले होते, ही बाब फारशी कोणाला माहीत नाही. फाइव्ह-जीच्या जागतिक कसोट्या ठरत होत्या, तेव्हा ग्रामीण भागासाठी दोन मनोऱ्यांतील अंतर १,७३२ मीटर धरले जात होते. भारताच्या आग्रहामुळे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने सहा किलोमीटर अंतराची, कमी वेगाने फिरणाऱ्या ग्राहकांसाठीच्या मोठ्या क्षेत्राची स्वतंत्र कसोटी स्वीकारली. जगाला आपण सांगितले की आमचे खेडे तुमच्या खेड्यासारखे नाही. तेच आपण आपल्याच याद्यांना सांगायला हवे.

मनोऱ्याची जागा कोण ठरवतो, हाही प्रश्न आहे. नक्षलग्रस्त भागातील पहिल्या टप्प्याच्या जागा गृह मंत्रालयाने सुचवल्या होत्या. त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. मनोरे जाळले जात, उडवले जात, आणि सुरक्षा दलांना संपर्क हवा होता. पण सुरक्षेला सोयीची जागा लहरींना सोयीची असतेच असे नाही. रस्त्यालगतच्या तळाजवळ उभा राहिलेला मनोरा त्या रस्त्याची सेवा उत्तम करतो; टेकडीमागच्या पाऱ्यापर्यंत तो पोहोचेलच याची खात्री नसते. सुरक्षेची स्थिती बदलत असताना जागांचा निकषही बदलायला हवा.

राज्यसंस्था ऐकते की नुसती बोलते?

छत्तीसगडला संपर्काचे प्रयोग नवे नाहीत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात देशातील सहा राज्यांची सुमारे २,४०० गावे होती आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूर परिसर त्यांत होता. डोंगर ओलांडण्याची गरजच नव्हती; कार्यक्रम थेट आकाशातून येत होता. पण ते एकतर्फी बोलणे होते. सरकार सांगे, गाव ऐके. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ने साध्या फोनवरून गोंडी आणि इतर भाषांत लोकांना आपले म्हणणे नोंदवण्याची सोय केली, तेव्हा प्रवाह पहिल्यांदा उलटा वाहिला. २०१८ मध्ये राज्य सरकारने ‘संचार क्रांती योजने’त सुमारे ५० लाख स्मार्टफोन वाटण्याचे उद्दिष्ट ठेवले. सत्ताबदलानंतर ती योजना थांबली. पण फोन देणे सोपे आणि रेंज देणे कठीण, हा धडा तिने दिला.

आज हा उलटा प्रवाह ऐच्छिक राहिलेला नाही. २०१२ मध्ये रायपूर शहरात रेशन दुकानांतील व्यवहार मोबाइल जाळ्यावरून तत्क्षणी नोंदवण्याचा प्रयोग झाला, आणि कोणत्याही दुकानातून धान्य घेण्याची मुभा कार्डधारकाला मिळाली. मैदानातल्या शहरात तो शोभला. त्यानंतर देशभर आधार पडताळणी आली. १ जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या सार्वजनिक कामांवर दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र मोबाइल अॅपवरून पाठवणे सक्तीचे झाले. छायाचित्र नंतर रेंजमध्ये जाऊन पाठवण्याची सोय असली, तरी ते पोहोचले नाही तर मजुरी अडते. गर्भवतीला वेळेवर रुग्णालयात न्यायचे, तर मितानिनला १०८ वर फोन लावता आला पाहिजे.

या सर्व गोष्टींत गावाला काही तरी पाठवायचे असते, नुसते घ्यायचे नसते. आणि इथे नकाशाची सर्वांत मोठी उणीव उघड होते. मनोरा चाळीस-चाळीस वॅटने बोलतो. फोनची कमाल ताकद एक पंचमांश वॅट, म्हणजे दोनशेव्या हिश्शाची. मनोऱ्याचे ‘कान’ तिखट असल्याने तफावत काही अंशी भरून निघते, पूर्ण नाही. व्याप्तीच्या कडेवर फोनवर एखादी काडी दिसते, पण छायाचित्र जात नाही, अंगठा जुळत नाही, कॉल लागत नाही. बहुतेक नकाशे मनोऱ्याचा आवाज कुठवर जातो हे दाखवतात. गावाचा आवाज मनोऱ्यापर्यंत पोहोचतो का, हे ते सांगत नाहीत. नागरिकाकडून पुरावा मागणाऱ्या राज्यसंस्थेने दुसरा नकाशा मागायला हवा होता.

उपग्रह इंटरनेटचे परवाने आता दिले जात असल्याने हा सारा खटाटोप कालबाह्य होईल, असे कोणी म्हणेल. पंचायत भवन, शाळा, आरोग्य केंद्र यांच्यासाठी तो मार्ग खरोखर उपयुक्त आहे. पण त्यासाठीही मोकळे आकाश लागते, आणि उपकरणाचा व मासिक शुल्काचा भार पाऱ्यावरच्या कुटुंबाला पेलणारा नाही. आणखी बराच काळ त्याचा आधार साधा फोन आणि जमिनीवरचा मनोरा हाच राहील.

नकाशाला आव्हान देण्याचा हक्क

अमेरिकेचा अनुभव इथे बोलका आहे. ग्रामीण भागात फोर-जी नेण्यासाठी तिथल्या नियामकाने ४५३ कोटी डॉलरच्या अनुदानाची योजना आखली होती. कंपन्यांच्या नकाशांवर शंका आल्याने कर्मचाऱ्यांनी प्रत्यक्ष गाड्या फिरवून चाचण्या केल्या. डिसेंबर २०१९ च्या अहवालात आढळले की जेमतेम ६२ टक्के चाचण्यांत अपेक्षित किमान वेग मिळाला. ती योजना गुंडाळली गेली. २०२० मध्ये कायदा झाला, नोव्हेंबर २०२२ मध्ये घरा-घराच्या पातळीवरचा नवा नकाशा आला आणि त्याला आव्हान देण्याचा अधिकार नागरिक, स्थानिक संस्था आणि राज्ये यांना मिळाला. ४,२४५ कोटी डॉलरच्या पुढच्या अनुदानाचे वाटप त्या नकाशाच्या आधारे ठरले. आधी नकाशा, मग आव्हान, मग पैसा, हा क्रम महत्त्वाचा आहे.

आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. ‘ट्राय’च्या १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार कंपन्यांना आपल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळांवर प्रसिद्ध करावे लागतात. हे स्वागतार्ह पाऊल आहे. पण हे नकाशे कंपन्यांचे स्वतःचे आहेत, आणि त्यांच्या अचूकतेविरुद्ध ग्रामसभेने कुठे दाद मागायची, याचे उत्तर त्यांत नाही. ज्या निधीतून दुर्गम भागातील मनोरे उभे राहतात, तो ‘डिजिटल भारत निधी’ कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के आकारणीतून येतो, म्हणजे अखेरीस प्रत्येक ग्राहकाच्या खिशातून. सार्वजनिक पैशाचा पाया असलेला नकाशा खासगी गुपित राहू शकत नाही.

म्हणून काही साध्या अपेक्षा मांडतो. निधीतून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मनोऱ्याच्या नकाशासोबत त्यामागची गृहीतके प्रसिद्ध व्हावीत. उंचीची माहिती कोणती, जंगलाची घट धरली की नाही, कड किती टक्के खात्रीने आखली. फोनवरून मनोऱ्याकडे जाणाऱ्या लहरीचा नकाशा वेगळा असावा. गाव हा ठिपका न मानता पारा, पाडा, टोला हे एकक धरावे. मोजणी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा व्हावी, आणि ती रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतूनच होऊ नये. यासाठी महागडी यंत्रणा उभारावी लागत नाही. प्रत्येक स्मार्टफोन आपल्याला मिळणाऱ्या लहरीचे बळ सतत मोजत असतो. मितानिन, रोजगार सहायक आणि रेशन दुकानदार रोज ज्या वाटांनी जातात, त्या वाटांवरच्या नोंदी त्यांच्या संमतीने आणि मानधन देऊन गोळा केल्या, तर असा नकाशा वर्षभरात तयार होऊ शकेल. रायपूरच्या एनआयटीसारख्या आणि नवा रायपूरच्या ट्रिपल-आयटीसारख्या संस्थांनी त्या नोंदींवर सूत्रे घासून घ्यावीत. आणि ‘रेंज आहे’ या दाव्याला आव्हान देणारा ग्रामसभेचा ठराव पुरावा म्हणून ग्राह्य धरावा. पेसा कायद्याचे नियम छत्तीसगडने २०२२ मध्ये केले आहेत. ग्रामसभेच्या शब्दाला वजन देण्याची चौकट अस्तित्वात आहे.

यावर दोन आक्षेप येतील. सुरक्षा यंत्रणा म्हणतील की असे तपशील उघड करणे धोक्याचे आहे. पण रेंज कुठे नाही हे जंगलात वावरणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असते. ते फक्त नियोजनकर्त्यालाच ठाऊक नसते. दुसरा आक्षेप खर्चाचा. शेवटच्या पाऱ्यापर्यंत मनोरा नेणे परवडणार नाही, हे अनेक ठिकाणी खरे असेल. मग ते तसे नोंदवले जावे, आणि जिथे रेंज देता येत नाही, तिथे मजुरी, धान्य आणि उपचार यांसाठी रेंजची अट घालू नये. कागदी हजेरीपट आणि रेशनची नोंदवही या काही मागासलेपणाच्या खुणा नव्हेत; डोंगराआडच्या नागरिकासाठी त्या हक्काच्या पर्यायी वाटा आहेत.

डोंगर हटवता येत नाही, आणि सालवन तोडून रेंज आणावी असे कोणी म्हणणार नाही. लहरीत घट होणे हा निसर्गनियम आहे. मात्र ती घट किती झाली हे खरे मोजायचे की सोयीने मांडायचे, हा निर्णय माणसांचा आहे. सोयीने मांडलेल्या हिशेबाची किंमत आज तो मजूर चुकवतो, ज्याची दिवसभराची मेहनत टेकडीमागे राहिली म्हणून हजेरीपटावर उमटलीच नाही.